व्हायोलिनच्या खुंट्या

मराठी घरात खुंटीला फारसा मान नाही, पण तिच्यावाचून घर चालतही नाही. टोपी, सदरा, छत्री, बाजाराची पिशवी यांचा भार ती वर्षानुवर्षे मुकाट्याने वाहते आणि एखाद्या दिवशी भिंतीतून निखळली म्हणजेच तिची आठवण होते. तिचा थोरला भाऊ जो खुंटा, त्याला निदान वाक्प्रचारात तरी जागा मिळाली आहे. एखादी गोष्ट पक्की आहे की नाही हे पुन्हा पुन्हा चाचपून पाहणाऱ्याला आपण 'खुंटा हलवून बळकट करतो' असे म्हणतो. आज मी ज्या खुंटीविषयी बोलणार आहे, ती भिंतीतली नव्हे, गोठ्यातली नव्हे आणि जात्यावरचीही नव्हे. ती वाद्यातली खुंटी. भिंतीतल्या खुंटीने हलायचे नसते. जात्याच्या खुंट्याने थांबायचे नसते. वाद्याच्या खुंटीला मात्र ही दोन्ही व्रते एकाच वेळी पाळावी लागतात. बोटांनी फिरवली की तिने सहज फिरावे आणि बोटे काढली की जिथल्या तिथे थांबावे. परस्परविरोधी अशा या दोन गुणांचा मेळ जिच्यात बसला ती खुंटी चांगली. तो मेळ बिघडला म्हणजे वाद्याचा सूर उतरतो, आणि मग नवी खुंटी कोणती घ्यावी, हा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न मला बंगळुरूजवळच्या व्हाइटफील्डमुळे विशेष जवळचा वाटू लागला. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वोडेयर यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन लोकांच्या संस्थेला शेतीवाडीसाठी ३,९०० एकर जमीन दिली आणि त्या संस्थेचे पुढारी डेव्हिड व्हाइट यांच्या नावाने ही वसाहत ओळखली जाऊ लागली. बैठी घरे, बागा आणि एक शांत रेल्वे स्टेशन असे तिचे रूप पुढे शंभर वर्षे राहिले. १९९० नंतरच्या दशकात तेथे संगणकाचा उद्योग आला, उंच इमारती उठल्या, आणि २०२३ साली मेट्रोही कडुगोडीपर्यंत पोहोचली. या उद्योगाच्या पाठोपाठ पुण्या-मुंबईची, नागपूर-नाशिकची पुष्कळ मराठी कुटुंबे तेथे राहावयास गेली. जाताना त्यांनी देव नेले, पुरणयंत्र नेले, दिवाळी अंक नेले. आणि कोणी कोणी माळ्यावर ठेवलेले आजोबांचे व्हायोलिनही नेले. तेथील मुले कर्नाटक संगीताच्या वर्गाला जातात, आणि त्या संगीतात व्हायोलिनला केवढे स्थान आहे हे मी सांगायला नको.

व्हायोलिन हे वाद्य परदेशी खरे, पण दक्षिणेत ते दोनशे वर्षांहून अधिक काळ रुळले आहे, आणि त्याच्या या प्रवासात मराठी दरबाराचाही हात लागला आहे. शहाजीराजांची जहागीर बंगळुरास होती. त्यांचे पुत्र व्यंकोजी १६७५ च्या सुमारास तंजावरला गादीवर बसले. त्यांच्याच वंशातील सरफोजीराजांच्या दरबारात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, चार बंधू संगीत आणि नृत्य यांची सेवा करीत होते. त्यांतला धाकटा वडिवेलू हा व्हायोलिन वाजवणाऱ्या आरंभीच्या भारतीय कलावंतांपैकी एक. १८३४ साली त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्याला हस्तिदंती व्हायोलिन भेट दिल्याचे प्रसिद्ध आहे. त्याआधी बालस्वामी दीक्षितर यांनी मद्रासेत हे वाद्य शिकून ते आपल्या संगीतात आणले होते. पुढे म्हैसूरच्या टी. चौडय्यांनी चार तारांचे व्हायोलिन सात तारांचे केले. सात तारा म्हणजे अर्थातच सात खुंट्या! त्यांच्या स्मरणार्थ बंगळुरात व्हायोलिनच्याच आकाराचे सभागृह उभे आहे. इकडे महाराष्ट्रात गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी हिंदुस्थानी रागसंगीत या वाद्यावर असे उतरवले, की ते परके आहे याची आठवणही श्रोत्यांना राहिली नाही.

आता खुंटीकडे वळू. कानडीत वाद्याच्या खुंटीला 'बिरडे' म्हणतात. व्हाइटफील्डच्या नव्या मराठी रहिवाशाने हा शब्द प्रथम ऐकला म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे सोललेले वाल उभे राहतात, यात नवल नाही. परंतु हे बिरडे शिजवायचे नसून पिळायचे असते. व्हायोलिनच्या मानेच्या टोकाला, शंखासारख्या वळणाच्या अलीकडे, एक लहानशी उघडी पेटी कोरलेली असते. तिच्या दोन्ही भिंतींना समोरासमोर भोके असतात आणि त्यांतून खुंटी आरपार जाते. खुंटीचा दांडा मुठीकडे जाड आणि टोकाकडे निमुळता. हा निमुळतेपणा डोळ्यांना जेमतेम जाणवतो. आजच्या व्हायोलिनमध्ये साधारणतः ३० मिलिमीटर लांबीत १ मिलिमीटर जाडी कमी होते. भोकेही त्याच मापाने निमुळती केलेली असतात. खुंटी किंचित आत दाबून फिरवली की ती दोन्ही भिंतींत पाचरीसारखी घट्ट बसते. स्क्रू नाही, दातेरी चक्र नाही, सरस नाही. लाकडाला लाकडाची पकड, एवढेच तिचे सारे यंत्र.

आपल्या तंबोऱ्याची खुंटी याच तत्त्वावर चालते. तंबोऱ्यात खुंटीने सूर जवळपास आणतात आणि उरलेले बारीक काम घोडीपलीकडचा मणी खालीवर सरकवून करतात. मोठ्या फेरफाराला खुंटी आणि सूक्ष्म फेरफाराला मणी, ही विभागणी मिरजेच्या कारागिरांना आणि आपल्या गवयांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. व्हायोलिनमध्ये मण्याचे काम तारदानावरचे छोटे स्क्रू करतात. हे ध्यानात ठेवले म्हणजे खुंटीकडून नको त्या अपेक्षा आपण करीत नाही. केसाइतका सूर चढवण्यासाठी जो खुंटीशी झगडतो, त्याला बहुधा नव्या खुंटीची नव्हे, एका छोट्या स्क्रूची गरज असते.

मग चांगली चाललेली खुंटी बिघडते कशाने? पहिले कारण हवा. लाकूड तोडून, वाळवून, रंगवून झाले तरी ते हवेतील ओलावा घेते आणि सोडते. ओलाव्याने ते लांबीत फारसे वाढत नाही; आडवे वाढते, आणि आडवे वाढतानाही सर्व दिशांना सारखे वाढत नाही. खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने त्याची हालचाल सर्वसाधारणपणे अधिक असते. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या मानाने ती जवळजवळ दुप्पट भरते. परिणाम असा होतो, की लेथवर अगदी गोल कातलेली खुंटी काही वर्षांनी थोडी लंबगोल होते. भोकाचेही तसेच. मग गोलाला गोल मिळण्याऐवजी लंबगोलाला लंबगोल भेटतो, आणि फिरवताना खुंटी एका जागी अडते, दुसऱ्या जागी सुटते. मुंबईची हवा बारमाही दमट. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर. तेथील फेब्रुवारी-मार्चचे दिवस चांगलेच कोरडे. दादरच्या घरात पन्नास वर्षे गुण्यागोविंदाने राहिलेले व्हायोलिन व्हाइटफील्डच्या दहाव्या मजल्यावर गेले, की पहिल्याच उन्हाळ्यात त्याच्या खुंट्या आकसतात आणि रात्री लावलेला सूर सकाळी उतरलेला आढळतो. पावसाळ्यात त्याच खुंट्या फुगून अशा अडकतात, की पिळताना मूठ तुटेल असे वाटावे. यात वाद्याचा दोष नाही. गाव बदलले म्हणजे माणसालाही पाणी मानवायला वेळ लागतो; हे तर लाकूड.

दुसरे कारण आपल्या संगीतात आहे. पाश्चात्त्य वादक आपल्या चार तारा ठरलेल्या चार स्वरांत लावतो, आणि तो स्वर जन्मभर जवळपास तोच राहतो. आपल्याकडे षड्‌ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ठरतो. कर्नाटक संगीतात साथ करणाऱ्या व्हायोलिनवादकाला आज पांढरी एक किंवा काळी एक, तर उद्या एखाद्या गायिकेसाठी काळी तीन किंवा पांढरी पाच असा सूर धरावा लागतो. तारा 'सा-प-सा-प' अशा जोडीने लागतात. एक हलली की बाकीच्याही हलवाव्या लागतात. म्हणजे आपल्याकडच्या खुंटीला विश्रांती कमी आणि प्रवास फार. ज्या खुंटीला युरोपात वर्षभरात जेवढे फिरावे लागते, तेवढे येथे एका हंगामात फिरावे लागले तर आश्चर्य नाही. खुंटी निवडताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

तथापि खुंटी घसरली म्हणजे ती लगेच बदलावी, असे मुळीच नाही. आधी तिची चौकशी करावी. पहिली गोष्ट तारेची गुंडाळण. तारेचे वेढे छिद्रापासून मुठीच्या बाजूच्या भिंतीकडे सरकत गेले, तर ताण खुंटीला आत ओढून धरतो. उलट दिशेने गेले, तर तोच ताण तिला बाहेर ढकलतो. कित्येक खुंट्या केवळ या एका चुकीपायी बदनाम होतात. दुसरी गोष्ट, खुंटी काढून उजेडात धरावी. दांड्यावर दोन चकचकीत कडी दिसली पाहिजेत, प्रत्येक भिंतीचे एक. दोन्ही कडी सलग आणि सारखी असतील, तर खुंटीची बैठक ठीक आहे. तिला थोडा कोरडा साबण आणि थोडा खडू लावला की काम भागते. साबणाने ती फिरते, खडूने ती थांबते. तेल मात्र कधीही लावू नये. सरस तर नाहीच नाही. एखादे कडे अर्धवट असेल, किंवा एकच असेल, तर खुंटी आणि भोक यांचे जमत नाही असे समजावे. अशा वेळी कारागिराकडे गेले पाहिजे.

येथे एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. तपासणीसाठी चारही तारा एकदम सैल करू नयेत. एका वेळी एकच तार, एकच खुंटी. व्हायोलिनची घोडी केवळ तारांच्या दाबाने उभी असते. तिच्याखाली, वाद्याच्या पोटात, लाकडाचा एक बारीक खांब असतो, तोही कशानेच चिकटवलेला नसतो. दोन फळ्यांच्या दाबात तो उभा राहतो. फ्रेंच लोक त्या खांबाला 'आत्मा' असेच नाव देतात. तारा एकदम उतरवल्या, तर घोडी पडते आणि पुष्कळदा आत्माही कोसळतो. खुंटी दुरुस्त करायला जावे आणि आवाजच घालवून बसावे, असा तो प्रकार होतो.

आता निवडीचा मुख्य मुद्दा. माझ्या परिचयातील एका कुटुंबाची हकीकत सांगतो, म्हणजे तो स्पष्ट होईल. आजोबा निवृत्तीनंतर मुलाकडे व्हाइटफील्डला राहावयास आले. बरोबर त्यांच्या वडिलांचे जुने जर्मन व्हायोलिन. तेरा वर्षांची नात तेथे कर्नाटक पद्धतीने शिकू लागली. दोन खुंट्या सारख्या घसरू लागल्या. वर्गात पाऊण तासापैकी पंधरा मिनिटे सूर लावण्यातच जात. एक दिवस ती कंटाळून म्हणाली, "आजोबा, हे राहू द्या. मला नवीन घेऊन द्या, बाईंच्या वर्गात सगळ्यांकडे नवीनच आहेत." आजोबांना तिचा राग आला नाही. मुलीची अडचण खरी होती. परंतु ते वाद्य पुन्हा माळ्यावर गेले, तर ते कायमचेच जाईल, हे त्यांना कळत होते.

ते एका दुकानात गेले. दुकानदाराने सोपा उपाय सांगितला. गिटारला असतात तशा दातेरी चक्रांच्या चाव्या बसवाव्यात. त्या घसरत नाहीत, लहान मुलालाही फिरवता येतात, आणि अर्ध्या दिवसाचे काम. या उपायाला मी हसणार नाही. दक्षिणेत आता कित्येक सरस्वती वीणांना अशा चाव्या असतात आणि वादक त्यांवर समाधानी असतात. वीणेची मान भरदार. ती हा भार सहज पेलते. व्हायोलिनच्या खुंट्यांच्या पेटीच्या भिंती मात्र फार पातळ. त्यांत चाव्यांसाठी नवी भोके पाडायची, स्क्रू मारायचे, वर धातूचे वजन मानेच्या टोकाला लटकवायचे. उद्या चाव्या नकोशा झाल्या, तर त्या काढता येतील. पाडलेली भोके मात्र काढता येणार नाहीत. आजोबांनी विचारले, "आणि पुन्हा पहिल्यासारखं करायचं झालं तर?" दुकानदाराने प्रामाणिकपणे मान हलवली.

दुसरा उपाय अलीकडचा आहे. बाहेरून लाकडी खुंटीसारखीच दिसणारी, परंतु पोटात सूक्ष्म दातेरी चक्रे असलेली खुंटी आता मिळते. तिचे बाहेरचे आवरण भोकात पक्के बसते आणि फिरते ते आतले अंग. काहींत मुठीच्या चार फेऱ्यांना तारेची एक फेरी होते, काहींत साडेआठ फेऱ्यांना एक. त्यामुळे बारीक सूर खुंटीनेच लावता येतो आणि हवेचा परिणाम जवळजवळ होत नाही. स्क्रू नको, नवी भोके नकोत. असलेलीच भोके थोडी मोठी व गोल करून घ्यावी लागतात. ज्यांच्या बोटांत जोर कमी आहे अशा वृद्धांना आणि मुलांना, किंवा ज्यांना दर मैफलीला सूर बदलावा लागतो त्यांना, ही खुंटी वरदान ठरू शकते. किंमत अधिक असते, आणि आतले यंत्र बिघडले तर गल्लीतला कारागीर ते दुरुस्त करू शकत नाही, एवढ्या दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात.

तिसरा उपाय जुनाच, म्हणजे लाकडी खुंटी. तीत तीन लाकडे प्रमुख. काळेभोर आबनूस, तांबूस-तपकिरी शिसव आणि फिकट पिवळे बॉक्सवूड. आबनूस आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले. ते सर्वांत कठीण, म्हणून लोक डोळे मिटून तेच मागतात. येथे थोडा विचार करावा. पेटी असते मेपलची, आणि मेपल आबनुसापेक्षा नरम. दोघांची वर्षानुवर्षे घासाघीस झाली, तर झिजणार कोण? नरम असेल तो. म्हणजे कठीण खुंटी स्वतः टिकते आणि भोक झिजवते. शिसव किंवा बॉक्सवूड त्या मानाने मवाळ. खुंटी झिजली तर नवी मिळते. भोक झिजले तर वाद्यावर शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून जुन्या वाद्याला फार कठीण खुंटी घालू नये, असे अनेक जाणते कारागीर सांगतात, आणि मला ते पटते. आपल्याला शिसव परके नाही. सह्याद्रीच्या जंगलात ते वाढते, आणि पेशवाई वाड्यांच्या दारांपासून पाळण्यांपर्यंत त्याचा वापर झाला आहे. त्याची तोड बेसुमार झाल्यामुळे २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. २०१९ साली तयार वाद्ये आणि त्यांचे भाग यांना त्यांतून सूट देण्यात आली. एवढ्याशा खुंटीमागेही एक जंगल उभे असते, हे यावरून ध्यानात येते.

बाजारात काळ्या रंगात बुडवलेले साधे लाकूडही आबनूस म्हणून विकले जाते. ओल्या पांढऱ्या फडक्याने खुंटी पुसावी. फडके काळे झाले, तर ती सोडून द्यावी. खुंटी काचेवर लोळवून पाहावी; ती डगमगली तर वाकडी आहे. लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीला समांतर असाव्यात, नाहीतर ती पिळताना तुटते. मूठ आपल्या अंगठ्याला आणि बोटाला सोयीची असावी. तिच्यावरचे मणी आणि कडी ही शोभा आहे, गुण नव्हे. प्लॅस्टिकची खुंटी स्वस्त असते, परंतु ती लाकडाशी मिळून मिसळून वागत नाही. शिकाऊ वाद्याखेरीज ती घेऊ नये. आणि वाद्याचे माप सांगितल्याशिवाय खुंटी मागू नये. मुलांच्या अर्ध्या किंवा पाऊण मापाच्या व्हायोलिनला लागणारी खुंटी वेगळी, मोठ्यांची वेगळी.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी, की दुकानातून आणलेली खुंटी ही तयार खुंटी नसते. ती कच्ची असते, मुद्दाम जाड ठेवलेली. पेन्सिलीला टोक करावे तशा साधनात ती फिरवून कारागीर ती तासतो, आणि निमुळत्या रीमरने भोक साफ गोल करतो. या दोन्ही हत्यारांचा उतार एकच असला पाहिजे. जुन्या वाद्यांत हा उतार आजच्याहून अधिक असल्याचेही आढळते. तेथे आजच्या मापाची खुंटी घातली, तर ती एकाच भिंतीला भेटते आणि दुसऱ्या भिंतीत खुळखुळते. भोक फार मोठे झाले असेल, तर जाड खुंटी घालण्यालाही मर्यादा आहे. ७ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याभोवती एका फेऱ्यात सुमारे २२ मिलिमीटर तार गुंडाळली जाते; ९ मिलिमीटरच्या दांड्याभोवती २८. बोट तेवढेच फिरते आणि सूर मात्र अधिक उडी घेतो. अशा वेळी भोकात लाकडाचा बूच बसवून ते नव्याने पाडणे हाच योग्य मार्ग.

आपले आजोबा शेवटी मेट्रोने मॅजेस्टिकला उतरून बळेपेटेत गेले. बंगळुरातील वाद्यांची जुनी बाजारपेठ ती. तेथे त्यांना एक वयस्क कारागीर भेटला. त्याने 'कोणती खुंटी हवी' असे विचारलेच नाही. कानडी वळणाच्या हिंदीत तो म्हणाला, आधी भोके पाहू. चारही खुंट्या एकेक करून त्याने काढल्या, त्यांवर खडू लावला, परत फिरवल्या, पुन्हा काढल्या आणि खडू कोठे पुसला गेला ते पाहिले. दोन भोके ठीक होती. त्यांच्या जुन्या खुंट्या त्याने केसभर तासून गोल केल्या. त्या थोड्या आत गेल्या, तेव्हा बाहेर आलेली टोके कापली, आणि तारेचे छिद्र भिंतीजवळ सरकले म्हणून नवे पाडले. उरलेली दोन भोके लंबगोल झाली होती. ती रीमरने जेवढ्यास तेवढी साफ केली आणि त्यांना शिसवीच्या दोन नव्या, किंचित जाड खुंट्या तासून बसवल्या. शेवटी तारदानावर चार छोटे स्क्रू घातले, नातीच्या बोटांसाठी.

नव्या खुंट्यांचा रंग जुन्यांशी जुळला नाही. कारागिराने विचारले, चारही बदलू का, म्हणजे एकसारख्या दिसतील? आजोबा नको म्हणाले. जुन्या दोन खुंट्यांच्या मुठी त्यांच्या वडिलांच्या बोटांनी गुळगुळीत झाल्या होत्या, आणि त्या अजून काम करीत होत्या. जे काम करते आहे ते केवळ दिसण्यासाठी का काढावे? पहिले दोन-तीन आठवडे नव्या खुंट्या पुन्हा पुन्हा दाबून लावाव्या लागल्या. नवे लाकूड बसायला तेवढा वेळ घेतेच. नंतर त्या स्थिरावल्या. नात आता त्याच वाद्यावर शिकते. सूर लावायला तिला तीन-चार मिनिटे लागतात, आणि ती चार मिनिटे वाया जात नाहीत, कारण कान तयार होतो तो तेव्हाच.

श्रोतेहो, या हकिकतीतला निर्णय सर्वांनी जसाच्या तसा उचलावा, असे मला सुचवायचे नाही. नवे, साधे, शिकाऊ व्हायोलिन असेल, तर यांत्रिक खुंटी खुशाल बसवावी; मूल रडण्यापेक्षा चक्र फिरलेले बरे. दर आठवड्याला वेगळ्या गळ्याला साथ करणाऱ्या वादकानेही ती घ्यावी. माझे सांगणे एवढेच, की निवडीचा आरंभ दुकानाच्या कपाटापाशी न होता वाद्याच्या भोकापाशी व्हावा. आधी तारेची गुंडाळण पाहावी, मग खुंटीवरची कडी, मग भोकाचा आकार, मग आपल्या गावची हवा आणि आपल्या गाण्याची गरज, आणि त्यानंतर लाकूड, रंग व किंमत. खुंटी भोकाला जुळवून घ्यावी. खुंटीसाठी भोक बदलण्याची पाळी शेवटी यावी.

याच्या मुळाशी एक साधा विवेक आहे, आणि तो व्हायोलिनपुरता नाही. कोणत्याही जुन्या वस्तूत काही भाग झिजण्यासाठीच केलेले असतात आणि काही भाग टिकण्यासाठी. जात्याचा खुंटा बदलतात, जाते बदलत नाहीत. रहाटाचा दोर बदलतात, विहीर बदलत नाहीत. खुंटी ही झिजण्यासाठी आहे. तिने झिजावे, म्हणजे वाद्याने झिजू नये. जो दुरुस्ती करताना झिजणाऱ्या भागाला वाचवण्यासाठी टिकणाऱ्या भागाला भोके पाडतो, तो पुढच्या पिढीच्या हाती एक उपाय कमी देतो. जो झिजणारा भाग मोकळ्या मनाने बदलतो आणि टिकणाऱ्याला जपतो, त्याच्या हातून वाद्य पुढे जाते, दादरहून व्हाइटफील्डला आणि तेथून आणखी कोठे जायचे असेल तेथे. तेथली हवा पुन्हा वेगळी असेल, खुंट्या पुन्हा एकदा कुरकुरतील, आणि तेव्हा जो कोणी त्या तपासायला बसेल, त्याला पेटीच्या भिंती धड सापडतील.